वाचकांचे प्रश्न : जुन्या मोटारसायकलला रुंद टायर बसवताना

गेल्या काही महिन्यांत सातारा आणि सांगली या दोन्ही जिल्ह्यांतून जुन्या मोटारसायकलींच्या टायरविषयी इतकी पत्रे आली, की या वेळचे सदर त्याच एका विषयाला द्यावे असे ठरवले. बहुतेकांचा रोख एकच आहे : मूळ टायर बारीक वाटतो, रुंद टायर बसेल का, आणि बसला तर कुठे घासणार नाही ना? त्यांपैकी चार पत्रे येथे घेतली आहेत. पहिल्या पत्राचे उत्तर मुद्दाम लांब दिले आहे, कारण इतरांच्या शंकाही बऱ्याच अंशी त्यातच येतात.

प्रश्न : माझ्याकडे वडिलांनी घेतलेली १९७८ सालची बुलेट ३५० आहे. तिला पुढे आणि मागे ३.२५-१९ मापाचे टायर आहेत. गाडी कोरेगाव ते सातारा अशी नेहमी धावते आणि अधूनमधून यवतेश्वर घाटाने कासलाही जाते. मागे ४.००-१९ मापाचा टायर बसवण्याचा विचार आहे. टायरचे दुकानदार म्हणतात की बसतो. आमचे मेस्त्री म्हणतात की चेन कव्हर आतून थोडे ठोकून घ्यावे लागेल. घाटात पकड खरोखर वाढेल का, आणि जागा पुरते की नाही हे घरच्या घरी कसे तपासावे?
— एक वाचक, कोरेगाव

उत्तर : दुकानदार आणि मेस्त्री दोघेही आपापल्या जागी खरे बोलत आहेत. टायर रिमवर चढेल आणि कव्हर ठोकल्यावर चाक फिरेलही. पण आपल्या गाडीला तो टायर आम्ही सुचवणार नाही. त्याचे कारण आधी मापांमध्ये पाहू.

जुन्या पद्धतीच्या मापात पहिला आकडा टायरच्या रुंदीचा असतो आणि तो इंचांत असतो. ३.२५ म्हणजे सुमारे ८२.५ मिलिमीटर आणि ४.०० म्हणजे सुमारे १०१.५ मिलिमीटर. येथवर बहुतेकांचा हिशोब बरोबर असतो. विसरली जाते ती गोष्ट अशी, की या पद्धतीच्या टायरची उंचीही जवळपास रुंदीएवढीच असते. त्यामुळे टायर १९ मिलिमीटरने रुंद झाला, म्हणजे प्रत्येक बाजूची जागा साडेनऊ मिलिमीटरने कमी झाली, आणि त्याच वेळी टायर रिमपासून सुमारे १९ मिलिमीटर अधिक उंचही झाला. मडगार्डच्या आतली जागा तेवढ्याने घटते, चाकाचा परीघ सुमारे सहा टक्क्यांनी वाढतो, प्रत्येक गिअर तितकाच जड पडतो आणि गाडीचा मागचा भाग पाऊण इंच वर उचलला जातो. डबल स्टँडवर लावलेल्या गाडीचे मागचे चाक आता जमिनीपासून जेमतेम सुटत असेल, तर ते यापुढे सुटणारच नाही. पंक्चर काढण्याची वेळ आली की स्टँडखाली फळी शोधावी लागेल.

दुसरी अडचण रिमची आहे. आपल्या गाडीचे मूळ रिम डब्ल्यूएम-२ प्रकारचे, म्हणजे आतून १.८५ इंच किंवा ४७ मिलिमीटर रुंद असते. ४.०० मापाच्या टायरला किमान २.१५ इंचांचे, म्हणजे डब्ल्यूएम-३ रिम लागते. अरुंद रिमवर रुंद टायर चढवला की त्याच्या दोन्ही कडा आत ओढल्या जातात आणि माथा टोकदार होतो. सरळ रस्त्यावर अशा टायरची मधलीच पट्टी झिजते, आणि वळणावर गाडी कलली की टायरची बाजू रिमवर डुलते, ज्यामुळे मागचे चाक ‘पोहते’ असे चालवणाऱ्याला वाटते. घाटात जी पकड मिळावी म्हणून हा खर्च करायचा, तीच अशा जोडणीत कमी होण्याची शक्यता अधिक. मुळात रस्त्याला टेकणाऱ्या रबराचे क्षेत्रफळ प्रामुख्याने चाकावरच्या वजनावर आणि टायरमधल्या हवेच्या दाबावर ठरते. टायर रुंद केल्याने त्या ठशाचा आकार बदलतो, क्षेत्रफळ फारसे वाढत नाही. पकड ठरते ती रबराच्या प्रतीवर, नक्षीवर, हवेच्या दाबावर आणि टायरच्या वयावर. दहा वर्षांचा कडक झालेला ३.२५ टायर काढून त्याच मापाचा ताजा टायर घातला तरी यवतेश्वरच्या वळणांवर फरक जाणवतो, आणि पुष्कळांना ‘रुंद टायरमुळे’ जाणवलेला फरक खरे तर नव्या टायरमुळे जाणवलेला असतो.

तरीही थोडा भरदार टायर हवा असेल, तर ९०/९०-१९ हे माप पाहावे. या नव्या पद्धतीत पहिला आकडा मिलिमीटरमधली रुंदी सांगतो आणि दुसरा आकडा उंची ही रुंदीच्या किती टक्के आहे ते सांगतो. म्हणजे रुंदी ९० आणि उंची ८१ मिलिमीटर. रुंदीत साडेसात मिलिमीटरची वाढ झाली, प्रत्येक बाजूला चारपेक्षा कमीच, आणि उंची मात्र मूळ टायरपेक्षा किंचित कमी राहिली. त्यामुळे मडगार्ड, गिअर आणि स्टँड यांपैकी कशालाच धक्का लागत नाही. मूळ १.८५ इंची रिमवर हा टायर साधारणपणे चालतो. घेताना कंपनीच्या तक्त्यात त्या टायरसाठी कोणती रिम सांगितली आहे तेवढे पाहावे. पूर्वीच्या क्लासिक ३५० ला पुढच्या चाकाला हेच माप येत असल्यामुळे तो मिळायलाही कठीण नाही. मात्र पुढच्या चाकासाठी बनवलेला टायर मागे घालायचा नसतो, तेव्हा बाजूवर छापलेली सूचना आणि फिरण्याच्या दिशेचा बाण वाचूनच घ्यावा. पारंपरिक मापातच राहायचे असेल तर ३.५०-१९ आहे. तो प्रत्येक बाजूला तीन आणि उंचीत सहा मिलिमीटरने वाढतो, आणि सुस्थितीतल्या बुलेटला तो सहसा सामावतो. ‘सहसा’ हा शब्द मुद्दाम वापरला आहे, कारण पंचेचाळीसहून अधिक वर्षांच्या गाडीचे मडगार्ड, चिमटा (मागचे चाक धरणारा, वर-खाली हलणारा दुहेरी दांडा) आणि चेन कव्हर मूळचेच असतील, किंवा मूळ जागीच असतील, असे गृहीत धरता येत नाही.

आता तपासणीकडे वळू. बहुतेक जण गाडी डबल स्टँडवर लावतात, चाक हाताने फिरवतात, टायर आणि चेन कव्हर यांच्यात करंगळी जाते का पाहतात आणि समाधान मानतात. ही तपासणी अपुरी आहे. स्टँडवर असलेल्या गाडीचे शॉकअप पूर्ण ताणलेले असतात, चिमटा सर्वांत खाली असतो आणि चाकावर कसलाही भार नसतो. म्हणजे जागा जेव्हा सर्वांत जास्त असते नेमक्या त्याच स्थितीत आपण ती मोजतो. मोजायची ती सर्वांत वाईट स्थितीत.

सुरुवात जुना टायर गाडीवर असतानाच करावी. मागे नेहमीची हवा भरावी; जुन्या बुलेटला एकट्यासाठी मागे २८ पौंडांच्या आसपास हवा ठेवतात. मग व्हर्नियरने टायरची प्रत्यक्ष रुंदी तीन-चार ठिकाणी मोजावी. छापलेल्या मापावर विसंबू नये, कारण एकाच मापाचे दोन कंपन्यांचे टायर एकमेकांपेक्षा काही मिलिमीटरने कमी-जास्त भरतात. यानंतर डावीकडे टायरपासून चेनपर्यंतचे आणि चेन कव्हरपर्यंतचे अंतर, आणि उजवीकडे टायरपासून चिमट्यापर्यंतचे अंतर मोजावे. अशा अरुंद फटीत पट्टी सरळ जात नाही. त्यासाठी ड्रिलचे बिट हे उत्तम साधन आहे. ५, ६, ८ आणि १० मिलिमीटरची बिटे हाताशी ठेवून त्यांची गुळगुळीत दांडी फटीत सरकवून पाहावी. जे सर्वांत मोठे बिट न अडकता फिरते, ते त्या जागेचे माप. दोन बाजूंपैकी जी बाजू अरुंद, तीच आपली मर्यादा ठरवते. बुलेटमध्ये ब्रेकचा ड्रम आणि चेनचे मागचे दातेरी चाक (स्प्रॉकेट) डावीकडे एकत्र असल्यामुळे ही अडचण जवळपास नेहमी डाव्या बाजूलाच येते.

यानंतर चिमट्याला एक पेन्सिल किंवा तार रबराने बांधून तिचे टोक रिमच्या कडेजवळ आणावे आणि चाक सावकाश फिरवावे. रिममध्ये आऊट, म्हणजे फिरताना बाजूला डुलण्याचा दोष, असेल तर टोक आणि रिम यांतले अंतर बदलताना दिसेल. आऊट तीन मिलिमीटर असेल तर फिरत्या चाकाची खरी जागा मोजलेल्या जागेपेक्षा तेवढ्याने कमी आहे असे धरावे, किंवा त्याहून चांगले म्हणजे आधी स्पोक ओढून आऊट काढून घ्यावा. मग एका हाताने गाडीची फ्रेम आणि दुसऱ्या हाताने चाकाचा मागचा भाग धरून चाक आडवे हलवावे. ‘टक टक’ असा खेळ हाताला लागला, तर चिमट्याचे बुश गेले आहेत किंवा चाकाच्या बेअरिंगमध्ये खेळ आहे. असे असताना टायरच्या मापाची चर्चाच थांबवावी. खेळ असलेल्या चिमट्यात वळणावर चाक बाजूला सरकते आणि स्टँडवर मोजलेले पाच मिलिमीटर रस्त्यावर शून्य होतात.

चेन ताणण्याच्या क्रियेचाही येथे संबंध आहे, आणि तो पुष्कळदा लक्षात येत नाही. चेन जुनी होऊन लांबते तसे चाक मागे ओढले जाते. आपण आज मोजले तेव्हा चेन जुनी असेल आणि चाक मागच्या टोकाला असेल, तर सर्व काही मोकळे दिसेल. सहा महिन्यांनी नवी चेन टाकली की तेच चाक दीड-दोन सेंटिमीटर पुढे येईल, आणि टायर चिमट्याच्या आडव्या नळीला किंवा मडगार्डच्या पुढच्या टोकाला टेकेल. म्हणून एक्सल ढिला करून चाक खाचेत पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे अशा दोन्ही टोकांना नेऊन मापे घ्यावीत.

सर्वांत महत्त्वाची तपासणी मडगार्डच्या आतल्या उंचीची. बुलेटचे मागचे मडगार्ड फ्रेमला पक्के असते आणि चाक शॉकअपबरोबर वर जाते, त्यामुळे खड्ड्यात गाडी आपटते तेव्हा टायर मडगार्डच्या छताकडे धावतो. हे मोजण्यासाठी घट्ट मळलेली कणीक किंवा गणपतीच्या दिवसांत सहज मिळणारी शाडूची माती वापरावी. मडगार्डच्या आत, टायरच्या मध्यरेषेवर, पुढे, मधोमध आणि मागे असे तीन उंच शंकू चिकटवावेत. ते टायरला जवळजवळ टेकतील एवढे उंच असावेत. टायरवर थोडे पाणी मारावे, म्हणजे कणीक त्याला चिकटणार नाही. गाडी स्टँडवरून काढून सपाट जागी उभी करावी, एकाने हँडल धरावे आणि दोघांनी सीटवर बसून गाडी जोरात खाली दाबावी. शॉकअप तळाशी गेल्याचा धक्का जाणवेपर्यंत हे करावे. मग गाडी पुन्हा स्टँडवर घेऊन चेपलेल्या शंकूंची उरलेली उंची मोजावी. ती उंची म्हणजे जुन्या टायरची सर्वांत वाईट स्थितीतली जागा. त्यातून नव्या टायरची वाढीव उंची वजा केली की उत्तर मिळते. ही तपासणी करताना मडगार्डच्या आत डोकावणारे बोल्ट, कॅरिअर बसवताना कोणीतरी उलटे घातलेले नट आणि आतून गेलेली असल्यास टेललॅम्पची वायर यांकडेही बॅटरी मारून पाहावे. मडगार्डचा पत्रा दूर असतो आणि बोल्टचे टोक आठ-दहा मिलिमीटर पुढे आलेले असते. टायर कापला जातो तो त्या टोकाने. बोल्ट उलटा फिरवून त्याचे गोल डोके आतल्या बाजूला आणि नट बाहेर ठेवणे हे अगदी पाच मिनिटांचे काम आहे.

किती जागा पुरेशी मानायची? आमच्या मते नवा टायर गृहीत धरून बाजूंना किमान सहा, चेनच्या बाजूला आठ ते दहा, आणि पूर्ण दाबलेल्या स्थितीत वर किमान पंधरा मिलिमीटर राहिले पाहिजेत. नवा टायर हवा भरल्यावर पहिल्या काही दिवसांत थोडा ताणतो आणि वेगात फिरतानाही किंचित फुगतो. सहा मिलिमीटर त्यासाठीच आहेत. आपल्या भागात याला आणखी एक कारण जोडावे लागते. गळीत हंगामात उसाच्या ट्रॉल्या शेतातली काळी माती चाकांना घेऊन डांबरी रस्त्यावर येतात, आणि थोडा पाऊस किंवा दव पडले की ती चिकण माती मोटारसायकलच्या टायरबरोबर मडगार्डमध्ये जाऊन थरावर थर बसते. जागा कमी असेल तर चाक जाम होते. मागचे चाक जाम झाले तर गाडी घसरते. पुढचे झाले तर चालवणारा हँडलवरून पुढे जातो. म्हणून पुढच्या चाकाला रुंद टायर घालण्याच्या बाबतीत आम्ही मागच्यापेक्षाही अधिक सावध राहण्याचा सल्ला देतो. बुलेटचे पुढचे मडगार्ड चाकाबरोबरच वर-खाली होत असल्यामुळे तेथे दाबून मोजण्याची गरज नाही, पण मडगार्डच्या आधाराच्या पट्ट्या आणि टायर यांच्यातले बाजूचे अंतर मात्र चिखलाचा विचार करूनच ठरवावे. जाता जाता एक गोष्ट सांगतो : जुन्या बुलेटचा स्पीडोमीटर पुढच्या चाकावरून चालतो, त्यामुळे मागचा टायर बदलल्याने त्याच्या काट्यात फरक पडत नाही, पुढे ३.५०-१९ घातला तर तो सुमारे दोन टक्के कमी वेग दाखवेल.

आता चेन कव्हर ठोकण्याबद्दल. ते करू नये. कव्हर आत दाबले की त्याच्या आणि चेनच्या मधली जागा कमी होते. सैल चेन धावताना वर-खाली आपटते आणि मग टायरऐवजी कव्हरच चेनला घासू लागते. रिम स्पोकवर ओढून एका बाजूला सरकवण्याचा उपायही काही गॅरेजमध्ये सुचवला जातो. एक-दोन मिलिमीटरपर्यंत ते चालते; त्याहून जास्त सरकवले तर पुढचे आणि मागचे चाक एका रेषेत राहत नाही आणि मोकळ्या रस्त्यावर हात सैल सोडले की गाडी एका बाजूला ओढते. सुती दोरी दोन्ही चाकांना लावून रेष पाहिली की हे लगेच कळते. ज्यांना मागे खरोखरच रुंद टायर हवा आहे, त्यांनी १८ इंची डब्ल्यूएम-३ रिम आणि तिच्या मापाचे नवे स्पोक घेऊन चाक पुन्हा विणून घ्यावे. १८ इंची रिमवरचा ४.००-१८ टायर व्यासाने जवळपास ३.५०-१९ एवढाच भरतो, त्यामुळे मडगार्डमधली जागा बरीच वाचते. पण बाजूची साडेनऊ मिलिमीटर वाढ तशीच राहते आणि चेनच्या बाजूची तपासणी सुटत नाही. हबवर स्पोकची भोके ज्या कोनात आहेत त्याच कोनात नव्या रिमची भोके हवीत; दुसऱ्या गाडीची रिम केवळ भोकांची संख्या जुळते म्हणून घेतली, तर स्पोक मानेशी वाकतात आणि काही महिन्यांत तुटू लागतात.

टायर विकत घेताना बाजूवरचे चार अंकी तारखेचे चिन्ह पाहावे. ‘२३१९’ असे असेल तर तो २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला आहे. जुन्या मापांचे टायर दुकानात पडून राहतात, आणि चमक मारलेला सहा वर्षांचा टायर नवा म्हणून गळ्यात पडतो. मापाशेजारचे ‘५२पी’ यासारखे चिन्हही वाचावे; ५२ म्हणजे त्या टायरची भारक्षमता २०० किलो, आणि ‘पी’ म्हणजे ताशी १५० किलोमीटरची मर्यादा. मागे जोडीदार आणि सामान घेऊन जाणाऱ्याने भारक्षमतेचा आकडा मूळ टायरपेक्षा कमी असलेला टायर घेऊ नये. ट्यूब नव्या मापाचीच घ्यावी, जुनी ताणून वापरू नये, आणि स्पोकच्या टोकांवरची रबरी पट्टी फाटली असेल तर तीही त्याच वेळी बदलावी.

प्रश्न : माझी जावा २५० आहे, १६ इंची चाकांची. ३.२५-१६ काढून मागे ३.५०-१६ बसवला. एकटा असताना काही आवाज नाही; पत्नी मागे बसली की खड्ड्यात ‘खर्रर्र’ असा आवाज येतो. गॅरेजमध्ये सांगितले की वजनाने टायर फुगतो आणि चेनच्या पेटीला घासतो. पेटी कापावी का?
— एक वाचक, कऱ्हाड

उत्तर : पेटी कापू नका. जावाची बंद चेनपेटी हे त्या गाडीचे वैशिष्ट्य आहे; तिच्यामुळे चेन धूळ-पाण्यापासून सुरक्षित राहते, आणि एकदा कापलेली पेटी पूर्ववत होत नाही.

शिवाय दिलेले कारणही पटण्यासारखे नाही. वजनाने टायर फुगतो हे खरे, पण तो फुगतो फक्त तळाला, जेथे तो रस्त्याला टेकलेला असतो. चेनपेटीच्या उंचीवर टायरचा आकार जोडीदार बसल्याने बदलत नाही. आवाज फक्त दोघे असताना आणि फक्त खड्ड्यात येतो, याचा अर्थ घासण्याची जागा वर, मडगार्डमध्ये असण्याची शक्यता अधिक आहे. नवा टायर सहा मिलिमीटरहून थोडा अधिक उंच आहे, आणि जावाचे मागचे मडगार्ड खोल असून चाकाला बरेच झाकते. थकलेले शॉकअप आणि दोघांचे वजन मिळून उरलेली जागा संपवतात.

खात्री करणे सोपे आहे. टायरच्या माथ्यावर आणि दोन्ही खांद्यांवर ओल्या खडूने जाड पट्टे ओढा, सुकू द्या, आणि ज्या रस्त्यावर आवाज येतो तेथेच दोघे जाऊन या. माथ्यावरचा खडू रस्त्याने पुसला जाईलच, त्यामुळे मडगार्डच्या आत पांढरा डाग कुठे उमटला आहे ते पाहायचे. छतावर असेल तर शॉकअप तपासून घ्या. ते बदलूनही आवाज राहिला तर ३.२५ वर परत या. डाग चेनपेटीच्या आतल्या बाजूला असेल, तर दोष टायरचा नसून चाक एका बाजूला बसल्याचा किंवा चिमट्याच्या बुशचा आहे. बुश बाजारात मिळाला नाही तर पलूस-किर्लोस्करवाडीच्या बाजूला किंवा मिरज-कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत चांगल्या लेथवाल्याकडून तो ब्राँझमध्ये करून घेता येतो. जुना बुश आणि मधली पिन दोन्ही बरोबर न्या, फक्त तोंडी माप सांगून काम देऊ नका.

प्रश्न : यामाहा आरएक्स १०० ला मागे १००/९०-१८ टायर बसवलेल्या गाड्या पाहतो. त्या दिसायला छान दिसतात. मी घालावा का?
— एक वाचक, मिरज

उत्तर : दिसायला छान दिसतात यात शंका नाही. या गाडीचा मूळ मागचा टायर २.७५-१८, म्हणजे सुमारे ७० मिलिमीटर रुंदीचा आहे; १०० चा टायर त्याच्यापेक्षा तीस मिलिमीटरने रुंद आणि उंचीनेही वीस मिलिमीटरच्या आसपास जास्त. मूळ अरुंद रिमवर तो नीट बसत नाही, आणि बसवलेल्या गाड्यांमध्ये बहुधा रिम, स्पेसर आणि चेन कव्हर अशा तिन्ही ठिकाणी बदल केलेले असतात. सुमारे शंभर किलोच्या, ९८ सीसीच्या टू-स्ट्रोक गाडीचे सगळे सुख तिच्या हलकेपणात आहे. जड टायर घातला की उचल मंदावते आणि वळणावर गाडी आत झुकायला कुरकुरते. मागे ३.००-१८ घाला, तो जेमतेम सहा मिलिमीटर रुंद आहे. त्यातही चेनच्या बाजूचे माप वर सांगितल्याप्रमाणे बिटाने घेऊनच घाला.

प्रश्न : आमची बुलेट १९७२ सालची आहे आणि ती ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवायची आहे. रुंद टायर घातल्यास अडचण येईल का?
— एक वाचक, वाई

उत्तर : केंद्र सरकारने २०२१ मध्ये केलेल्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षांहून अधिक काळ झालेली दुचाकी किंवा चारचाकी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते, मात्र ती मूळ स्वरूपात असावी आणि चासी, बॉडी किंवा इंजिनमध्ये मोठे फेरफार केलेले नसावेत अशी अट आहे. टायर ही झिजणारी वस्तू असल्यामुळे तिची बदली चासीतील फेरफार ठरत नाही. पण रुंद टायरसाठी चिमटा रुंद करून वेल्डिंग केले, मडगार्ड कापले किंवा दुसऱ्या गाडीचा चिमटा बसवला, तर मूळ स्वरूपाचा प्रश्न निश्चित उभा राहतो. म्हणून नोंदणी होईपर्यंत ३.२५-१९ मापाचेच टायर ठेवावेत; पुढे सरळ रेघांच्या नक्षीचा आणि मागे जुन्या पद्धतीच्या चौकटींच्या नक्षीचा टायर मिळाला तर तो गाडीच्या काळाशी जुळतोही. अशा नोंदणीनंतर गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही, हेही लक्षात घ्यावे. वाईहून पाचगणीला रोज पसरणी घाट चढायचा असेल, तर गाडी सध्याच्या साध्या नोंदणीवर ठेवून तिचे नूतनीकरण वेळेवर करणे अधिक सोयीचे. अर्जासाठी गाडीचे फोटो काढायचे असतील, तर त्यापूर्वी मागच्या मडगार्डला नंतर कोणी जोडलेले पत्रे किंवा कॅरिअर असल्यास काढून ठेवावेत.